खंडेनवमीचा नारळ आणि लाल पाटी

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडालाय. चार्जर काढला की माझी बॅटरी लगेच मान टाकते आणि स्पेसबार दाबला की कच् असा आवाज येतो. तरी मला कमी समजू नका. तुमच्या घरातला लॅपटॉप किती का महागाचा असेना, त्याला कुणी कधी हळदकुंकू वाहिलंय का? झेंडूची माळ घातलीय का? वरून नारळाच्या पाण्याने अंघोळ घातलीय का? मला हा सगळा मान मिळालाय. त्या मानापायी माझा जीव जाता जाता राहिला, आणि तेच आज तुम्हाला सांगायचंय.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. मला जाग आली तीच चिखलीत, एका दोन खोल्यांच्या घरात. खोकं उघडलं आणि समोर तीन चेहरे दिसले. ज्योतीराम मूळचे धाराशिवकडचे. पोटापाण्यासाठी इकडे आले आणि चाकणच्या एका कंपनीत लेथ मशीनवर लागले. त्यांची बायको रुपाली घरी ब्लाउज शिवायची. आणि त्यांची मुलगी विजयश्री, माझी मालकीण, नुकतीच मेकॅनिकलचा डिप्लोमा झाली होती. ज्योतीरामांनी कित्येक रविवार ओव्हरटाइम केला, तेव्हा कुठे मी त्या घरात आलो.

पहिल्या दिवशी ज्योतीरामांनी काय केलं माहितीये? आधी मोरीत जाऊन साबणाने हात धुतले, पंच्याने कोरडे केले आणि मगच माझ्यावरून हात फिरवला. "लई गुळगुळीत हाय गं," असं म्हणून ते लांब जाऊन बसले. मी तेव्हाच ठरवलं, या घरात आपण मन लावून काम करायचं.

आणि केलंही! विजयश्री सकाळी मला उघडायची ती रुपालीने जेवायला चार हाका मारेपर्यंत उठायची नाही. तिला डिझाइनमध्ये काम करायचं होतं. कुरुळीजवळच्या, साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या एका टूलरूममध्ये तिची लेखी परीक्षा झाली होती, आता शेवटची मुलाखत राहिली होती. तिथल्या साहेबांनी सांगितलं होतं, "तुम्ही स्वतः केलेलं एक डिझाइन घेऊन या आणि आमच्यासमोर उघडून समजावून सांगा." म्हणून ती एक फिक्स्चर तयार करत होती. फिक्स्चर म्हणजे मशीनवर काम चालू असताना लोखंडाचा तुकडा घट्ट धरून ठेवणारा सांगाडा. लेथवर तुकडा कसा निसटतो, कुठे हात अडकतो, हे ती वडिलांना खोदून खोदून विचारायची आणि माझ्या पडद्यावर उतरवायची. बाप-लेकीचं ते डिझाइन माझ्या पोटात होतं. फक्त माझ्याच पोटात. दुसरीकडे कुठेतरी ठेवायला हवं, असं विजयश्री रोज म्हणायची आणि रोज विसरायची.

मुलाखत दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी.

आता तुमच्यापैकी जे आमच्या भागातले आहेत त्यांना खंडेनवमी वेगळी सांगायला नको. चाकण, भोसरी, चिखली, जिथे म्हणून मशीन आहे तिथे त्या दिवशी ते धुऊनपुसून चकाचक होतं. लेथला माळ, ड्रिलला माळ, फोर्कलिफ्टला तर नवरदेवासारखं सजवतात. मग नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी मशीनवर शिंपडायचं. ज्योतीराम इतकी वर्षं हेच करत आले होते. लोखंडाच्या त्या धुडाला नारळाच्या पाण्याने काय होणार? काहीच नाही. फडकं मारलं की झालं.

कंपनीतली पूजा उरकून ज्योतीराम पेढे आणि एक नारळ घेऊन घरी आले. अंघोळ केली, पाट मांडला. पाटावर मोजमापाचा आपला व्हर्नियर ठेवला, नटबोल्ट आवळायचे पाने ठेवले. रुपालीची कात्री आणि टेप ठेवली. आणि एक लाल पाटी ठेवली. तिच्यावर लिहिलं होतं, 'काम चालू आहे. बटन दाबू नये.' मशीनमध्ये हात घालून दुरुस्ती करायची असली की ही पाटी स्विचवर अडकवायची. ज्योतीराम या पाटीला फार मानायचे. विजयश्रीला लहानपणापासून सांगायचे, "पाटी ज्यानं लावली त्यानंच काढायची. मंग साहेब येऊ दे नायतर मालक येऊ दे." त्यांच्या एका सोबत्याचा हात या पाटीमुळे वाचला होता. म्हणून दर खंडेनवमीला तिलाही कुंकू लागायचं.

विजयश्री तेव्हा झेंडूची फुलं आणायला कोपऱ्यापर्यंत गेली होती. जाताना मला चालूच ठेवून गेली, चार्जरही लावलेला. ज्योतीरामांनी मला उचलून पाटाच्या मधोमध ठेवलं. माझं झाकण पूर्ण उघडलं, कारण झाकलेल्या मशीनची पूजा करायची नाही, हा त्यांचा नियम. पडद्याच्या कडेला हळदकुंकू लावलं. सकाळची एक माळ होती ती घातली. खरं सांगतो, माझी छाती फुगली. लेथच्या बरोबरीचा मान मिळत होता की मला!

मग त्यांनी पान्याने नारळ फोडला, डोळे मिटून हात जोडले, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने ती करवंटी माझ्यावर धरली.

अरे देवा! कळांच्या फटीफटीतून ते गार पाणी आत उतरलं. पडदा थरथरला. कुणी न दाबता माझ्यावर अक्षरं उमटायला लागली, पानंच्या पानं भरायला लागली. आत कुठेतरी चर्र झालं आणि मला वाटलं, संपलं आपलं. ज्योतीराम मात्र डोळे मिटूनच होते. ते माझ्यासाठीच काहीतरी पुटपुटत होते. "लेकीच्या हाताला यश दे," असं काहीसं.

"पप्पा! अहो पप्पा, काय केलंत हे!"

दारात विजयश्री उभी होती. फुलांची पिशवी तिथेच पडली. पण पोरगी हुशार, रडत बसली नाही. आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग चार्जर ओढून काढला. माझं चालू-बंदचं बटण पडदा काळा होईपर्यंत दाबून धरलं. आणि मला उघडाच उलटा करून टॉवेलवर ठेवलं, तंबूसारखा. पाणी आत जाण्याऐवजी टपटप बाहेर गळायला लागलं. मित्रांनो, मी आज तुमच्याशी बोलतोय तो तिच्या या घाईमुळे. ही एक घाई चांगली.

रुपाली आतून धावत आली. "अगंबाई! अहो, तुम्हाला काही कळतं का? तो काय लेथ आहे का?" मग तिने तांदळाचा डबाच उचलून आणला. "याच्यात पुरून ठेवूया, मोबाईल पडला होता तेव्हा शेजारच्यांनी असंच केलं होतं."

"नको आई. तांदळाचा भुसा आत गेला तर अजून घाण होईल," विजयश्री म्हणाली.

आणि ज्योतीराम? एका हातात नारळाची एक वाटी, दुसऱ्या हातात दुसरी, असे नुसते उभे होते. चेहरा पांढरा पडला होता. "लेथवर तर दरसाल असंच शिंपडतो की गं माय," एवढंच म्हणाले. मला खरं तर त्यांचा राग यायला हवा होता, पण कसचं काय! त्यांचा तो आवाज ऐकून माझंच पाणी पाणी झालं. तसं ते आधीच झालेलं होतं म्हणा.

विजयश्रीची कॉलेजातली मैत्रीण अंजली चिखलीतच मोबाईल-लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान चालवायची. ज्योतीरामांनी स्कूटर काढली. मागे विजयश्री बसली आणि तिच्या मांडीवर मी, टॉवेलमध्ये गुंडाळलेला, पालथा.

अंजलीने मला टेबलावर घेतलं, माझ्या गळ्यातली माळ काढली आणि कुंकवाकडे बघत विचारलं, "काय सांडलं म्हणालीस?"

"नारळाचं पाणी."

"बापरे! चहा सांडून येतात, वरण सांडून येतात. एका ताईंनी बाळाचं दूध सांडून आणला होता. पण पूजा करून आणलेला हा पहिलाच!" ती हसली आणि मग तिचं लक्ष ज्योतीरामांकडे गेलं. "काका, बसा ना. पाणी देऊ का?"

"पाण्याचं नाव नको काढू पोरी," ज्योतीराम म्हणाले.

अंजलीने माझा पाठीचा पत्रा उघडला आणि आधी बॅटरीची वायर सुटी केली. साधं पाणी असतं तर वाळून गेलं असतं, ती म्हणाली, पण नारळाच्या पाण्यात साखर असते आणि ती आत चिकटून बसते. मग तिने स्पिरिटमध्ये ब्रश बुडवून माझा कानाकोपरा घासला. काय सांगू, असं थंडगार वाटत होतं! विजयश्री तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती. "आतलं डिझाइन तरी काढून देता येईल का गं?"

"याची साठवण मेन बोर्डवरच चिकटवलेली आहे. दुसऱ्या मशीनला लावायची सोय नाही. हा चालू झाला तरच डिझाइन मिळेल," अंजली म्हणाली. मग ब्रश खाली ठेवून तिने विजयश्रीकडे बघितलं. "हे बघ. उद्या विजयादशमी, आम्ही सगळे विहारात जाणार, दुकान बंद. परवा सकाळी तुला निघायचंय, म्हणून मी बॅटरी जोडून देते. पण परवा सकाळपर्यंत बटन दाबायचं नाही. आत चिप्सच्या खाली ओल आहे. ती वाळायच्या आधी वीज फिरली तर बोर्ड जळेल, मग मलाही काही करता येणार नाही. चालू होतो का बघू, असं म्हणून एकदासुद्धा दाबायचं नाही. कळलं?"

"कळलं."

"काका, तुम्हाला?"

ज्योतीरामांनी मान हलवली.

मित्रांनो, खरी परीक्षा इथून पुढे होती. दसऱ्याच्या दिवशी मी रुपालीच्या शिलाई मशीनच्या टेबलावर पंख्याखाली पालथा पडलो होतो. बंद होतो, पण बंद असलो तरी कान असतात आम्हाला. आत पुरणपोळ्या झाल्या, पण ज्योतीराम ताटावर नीट बसले नाहीत. टेबलाजवळ यायचे, माझ्याकडे बघायचे, परत जायचे. पुन्हा यायचे. एकदा वाकून त्यांनी माझ्या कळांवर फुंकर घातली. "वाळला असंल की गं आता," ते म्हणाले.

"उद्या, पप्पा."

तेवढ्यात शेजारचे मारुतराव आपट्याची पानं घेऊन आले. हे चिखलीचे जुने गावकरी, मोठ्या आवाजाचे आणि मोठ्या मनाचे. सगळ्यांना सोनं वाटलं, पाणी प्यायले आणि मला पालथा बघून चौकशी केली. सगळं ऐकून त्यांनी मांडीवर थाप मारली. "अरं मग बसलाय काय राव असं सुतक धरून? आज दसरा हाय! आजच्या मुहूर्ताला काय इपरीत व्हत न्हाई. दाब की बटन! चालू झाला तर पोरीला निवांत झोप तरी लागंल."

ज्योतीरामांचे डोळे चमकले. बुडणाऱ्याला हात दिसावा तसं झालं त्यांना. "बग विजे, मी बी तेच म्हणतोय. एकदाच. माझ्या हातानं बिघडलंय, ते नीट झालेलं मला बगू दे. नायतर उद्या तुझी नोकरी गेली तर मी तुला तोंड कसं दाखवू?" बोलता बोलता त्यांनी दोन्ही हात माझ्याकडे पुढे केले. "एकदाच दाब, माय."

मला विजयश्रीची बोटं दिसत होती. तिलाही बघायचं होतंच की. तिने मला सरळ केलं. बोट बटणावर आलं. मी आतून ओरडत होतो, दाबू नकोस, माझ्या पाठीत अजून ओल आहे! पण माझं कोण ऐकणार?

ती थांबली. तिने बापाच्या तोंडाकडे बघितलं, मग पाटाकडे बघितलं. पाट अजून तसाच मांडलेला होता. ती उठली, पाटावरची लाल पाटी उचलली आणि तिच्या दोरीचा फास माझ्या पडद्याच्या कोपऱ्याला अडकवला. पाटी बरोबर बटणाच्या वर आली. काम चालू आहे. बटन दाबू नये.

"पप्पा," ती म्हणाली, "पाटी मी लावलीय."

मारुतराव म्हणाले, "ह्यो काय पोरखेळ गं? लॅपटॉपला कुठं पाटी असती व्हय?"

पण ज्योतीरामांनी दोन्ही हात मागे घेतले होते. एकदम, शिकलेल्या सवयीने. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते मान हलवत होते. "नाय मारुतराव. पाटी हाय. आता माझा हात नाय लागायचा. कुणाचाच नाय." मग रुपालीला म्हणाले, "वाढ गं मला, पोळी खातो." पोरीने बापाला गप्प कसं करावं आणि तेही त्याचा मान राखून, हे मी त्या दिवशी शिकलो.

दुसऱ्या दिवशी ज्योतीरामांची पहिली शिफ्ट होती. घरचे उठायच्या आधीच ते बसला गेले. त्यांच्या कंपनीत मोबाईल गेटवरच जमा करावा लागतो, त्यामुळे शिफ्ट सुटेपर्यंत त्यांना काही कळायची सोय नव्हती. विजयश्री उठली, अंघोळ केली, रुपालीला शेजारी बसवलं आणि पाटी काढली. मग बटण दाबलं.

मी दम धरला. वीज अंगातून फिरली. कुठेही चर्र झालं नाही, कुठेही चटका बसला नाही. आणि मी उजळलो! फिक्स्चर जागेवर होतं, एकेका स्क्रूसकट. रुपालीने माझीच अलाबला घेतली. तेवढा एक स्पेसबार चिकटला होता, तोच हा कच् आवाज. तो मी दागिन्यासारखा जपलाय.

मुलाखतीत मी असा चाललो की विचारू नका. विजयश्रीने फिक्स्चर फिरवून फिरवून दाखवलं. शेवटी एका साहेबांनी माझ्या पडद्याच्या कडेला राहिलेलं कुंकू बघितलं आणि विचारलं, "याची पण खंडेनवमी केली का काय?" विजयश्रीने झालं ते सगळं सांगितलं. त्या खोलीतल्या प्रत्येकाने दोनच दिवसांपूर्वी कुठल्या ना कुठल्या मशीनवर नारळाचं पाणी शिंपडलं होतं. सगळे खो खो हसले. पण पाटीची गोष्ट आली तेव्हा हसणं थांबलं. मोठे साहेब म्हणाले, "एक तारखेपासून या. आणि या डिझाइनमध्ये हात अडकायची जागा बंद केलीय ना, ते आम्हाला आवडलं."

विजयश्री गेटबाहेर आली आणि तिथेच एका झाडाखाली, ठरल्याप्रमाणे वडिलांची वाट बघत थांबली. शिफ्ट सुटल्यावर ज्योतीराम एका सोबत्याच्या गाडीवर बसून थेट तिथे आले. अंगावर कंपनीचा शर्ट, हाताला ऑइल. गाडी नीट थांबायच्या आधीच उतरले.

"सुरू झाला का गं?"

विजयश्रीला हसू आलं आणि रडूही. "पप्पा, नोकरी लागली का ते विचारा ना!"

"ते सांग मागनं. आधी ह्यो सुरू झाला का?"

तिने मला बंद करून बॅगेत ठेवलं होतं, ते बाहेर काढलं आणि सोबत्याच्या गाडीच्या सीटवर उघडून ठेवलं. ज्योतीराम पुढे झाले आणि मध्येच थबकले. हात पुन्हा मागे गेले. वाकून त्यांनी माझी एक बाजू बघितली, दुसरी बाजू बघितली. कुठे पाटी दिसते का ते शोधत होते ते.

"काढलीय पप्पा. लावली होती त्यानेच काढलीय," विजयश्री म्हणाली. "आता तुम्ही दाबा."

त्यांनी बोट पँटला पुसलं. दोनदा पुसलं. आणि दाबलं.

मित्रांनो, मी आजवर हजारदा चालू झालो असेन, पण त्या बोटासाठी जसा चालू झालो तसा पुन्हा कधीच नाही. पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडावर पडला आणि त्या माणसाने भररस्त्यात, ऑइलच्या हातांनी, लेकीला मिठी मारली. नोकरीचं तिने मग त्यांच्या खांद्यावरच सांगितलं. तिचा नवा ड्रेस काळा झाला, त्याबद्दल रुपाली अजून बोलते.

आता माझं वय झालं. विजयश्रीला कंपनीने मोठा कॉम्प्युटर दिलाय. मधली काही वर्षं मी कपाटावर धूळ खात पडलो होतो. कुणी विचारत नव्हतं, आणि ते दिवस मला जड गेले. हल्ली रुपाली माझ्यावर ब्लाउजच्या गळ्यांचे नमुने बघते आणि ज्योतीराम शेजारी बसून गावाकडची भजनं लावायला सांगतात. खंडेनवमीला मी अजूनही पाटावर असतो. नारळ मात्र आता बाहेर उंबऱ्यापाशी फुटतो.

तुम्हाला एवढंच सांगतो. आमच्या अंगावर काही सांडलं तर वीज तोडा, आम्हाला पालथं करा, जाणत्या माणसाकडे न्या, आणि चालू होतो का ते बघायची घाई करू नका. आमच्या पोटात जे ठेवता त्याची एक प्रत दुसरीकडेही ठेवा, आम्हाला राग येत नाही. आणि ज्याच्या हातून सांडलं त्याच्याकडेही एकदा बघा. बहुतेक वेळा तो तुमचाच कुणीतरी असतो आणि मशीनपेक्षा तोच जास्त भिजलेला असतो. आम्ही वाळलो की त्याला एकदा बटण दाबू द्या.

ती लाल पाटी अजून या घरात आहे. रंग उडालाय, दोरी बदललीय. यंदाच्या खंडेनवमीला ज्योतीरामांनी तिला माझ्या शेजारी ठेवलं आणि आधी तिला कुंकू लावलं, मग मला. पहिला मान तिचाच आहे.